फुसका बार

बार झालाच नाही. बाटलीचं बूच निघावं तसं नुसतं ‘फुस्स’ झालं. व्हर्लीनच्या मनगटाला नेहमीचा धक्का बसला नाही आणि तिचं बोट चापावरून आपोआप बाजूला झालं. रिव्हॉल्व्हरची नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे रोखलेलीच ठेवून ती थोडा वेळ थांबली. मग तिने चक्री उघडली, उरलेली काडतुसं तळहातावर ओतली आणि शस्त्र फळीवर ठेवून दिलं.

“गोळी नळीत अडकलीय,” ती म्हणाली.

नेमबाजी क्लबचा अध्यक्ष क्लेटन बर्डसॉल पितळी सळई घेऊन आला. त्याने ती नळीत घातली तर अर्ध्यावर जाऊन टेकली. शनिवारची स्पर्धा थांबली. रांगेत उभे असलेले सगळे कानावरचे पट्टे गळ्यात उतरवून बघत राहिले. काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं. काडतुसात दारू भरायची राहून गेली होती. बुडाच्या टोपीची ठिणगी तेवढी पेटली आणि तिने गोळी जेमतेम नळीत ढकलली. व्हर्लीनने सवयीने लगोलग दुसरी झाडली असती तर नळी फुटली असती. तिची बोटं गेली असती आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं असतं ते देव जाणे.

आणि ते काडतूस व्हर्लीनने स्वतः भरलेलं होतं.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या विलो फोर्क गावात व्हर्लीन ऑडेगार्डचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतलं तिचं केस कापायचं दुकान. दुसरी म्हणजे तिच्या हातची काडतुसं. तिचा नवरा हॉइट वारेपर्यंत नदीवर मासे धरण्यातच रमलेला. बंदुकीचा नाद सगळा तिचा. झाडून झालेली रिकामी पितळी कवचं ती घरी आणायची, साफ करून दाबयंत्रात पुन्हा घडवायची, नवी टोपी, नवी दारू, नवी शिशाची गोळी बसवायची. क्लबातली बाप्ये मंडळी तिच्या डब्यातलं एखादं काडतूस उचलून बोटांत फिरवायची आणि मान डोलावून परत ठेवायची. त्यातच सगळं आलं.

क्लेटनने तिला बाजूला घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे केस पिकताना आणि मग गळताना व्हर्लीनने जवळून पाहिले होते. तो म्हणाला, चूक कुणाचीही होते, पण समिती आता गप्प बसणार नाही. इथे यायचं तर दुकानातली काडतुसं आण, घरची नको. मग आवाज खाली आणून म्हणाला, “वय झालं आपलं, व्हर्लीन. ते यंत्र देऊन टाक कुणाला तरी. आयुष्यभर केलंस, नाव कमावलंस. आता कशाला हट्ट?”

“माझं वय मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तू तुझं बघ.”

बोलली खरी, पण क्लेटनचं म्हणणं तिला मनातून खोडता आलं नव्हतं. कारण तिला जे ठाऊक होतं ते क्लेटनला ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरने तिच्या उजव्या डोळ्यात दिवा धरून सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध डाग धरलाय, तो वाढत जाणार आणि दुसरा डोळाही त्याच वाटेने जाणार. कडेकडेचं दिसेल, मधलं पुसत जाईल. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. कवचात डोकावून दारू बघताना आता दारूचा काळेपणा कुठला आणि डोळ्यातला कुठला, हे तिला कळेनासं झालं होतं. तरी ती भरत राहिली होती.

तिने हिवाळ्यापासून भरलेले सगळे डबे टेबलावर काढले. काडतुसं मोडायचा पोकळ हातोडा घेतला आणि एकेक काडतूस त्यात अडकवून लाकडाच्या ओंडक्यावर ठोकायला सुरुवात केली. गोळी निसटली की ती एका बाजूला, दारू दुसऱ्या बाजूला, कवच तिसऱ्या. दुपार उतरली तरी ठोकणं चालूच होतं.

त्याच आवाजामुळे रोबर्टा किन्केडची हाक तिला ऐकू आली नाही. रोबर्टा टपाल कचेरीत नव्यानेच आलेली पन्नाशीची बाई, गावाबाहेर ओढ्याकाठी एकटीच राहायची. ती मागच्या दाराशी उभी होती. सकाळी क्लबात बाकावर बसून तिने सगळं पाहिलं होतं. ती तिथे सभासद व्हायला गेली होती. त्याआधी क्लेटनच्या बंदुकांच्या दुकानात त्याने तिला सांगितलं होतं की बाई, तुमच्या त्या मनगटाने रिव्हॉल्व्हर झेपायचं नाही, तुम्ही आपला मिरचीचा फवारा घ्या.

तिचं उजवं मनगट जरा वाकडं जुळलेलं होतं. नवऱ्याने दार आपटलं तेव्हा ते मध्ये होतं, असं तिने नंतर कधीतरी सांगितलं. मुद्दाम आपटलं होतं, हेही सांगितलं. वडिलांचं रिव्हॉल्व्हर तिच्याजवळ होतं, पण दुकानातल्या काडतुसाचा धक्का बसला की हात खांद्यापर्यंत ठणकायचा. कमी दारूची, हलकी काडतुसं घरी भरता येतात असं तिने ऐकलं होतं.

“मला शिकवाल का?” तिने विचारलं.

व्हर्लीनने टेबलावरच्या ढिगाकडे हात केला. “आज मी काय केलं ते बघितलंस ना?”

“बघितलं. तुम्ही पुढची गोळी झाडली नाहीत, तेही बघितलं.”

व्हर्लीनने हातोडा खाली ठेवला. दुसरी खुर्ची टेबलाकडे ओढली. मग म्हणाली, “कॉफी आहे. शिळी आहे. बस.”

सुरुवातीचे कित्येक दिवस तिने रोबर्टाला दारूला हातही लावू दिला नाही. टपाल कचेरी बंद झाली की रोबर्टा यायची आणि कवचं निवडत बसायची. ज्याच्या तोंडाला चीर गेलीय ते बाजूला. व्हर्लीन ते नुसतं नखाने ओळखायची आणि रोबर्टाने डोळ्यांनी बघून पास केलेलं एखादं उचलून परत तिच्यापुढे टाकायची. मग यंत्राचा दांडा कसा ओढायचा, टोपी बसली की बोट फिरवून कशी चाचपायची. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. रेडिओ बंद, फोन दुसऱ्या खोलीत, गप्पा नंतर. कोणती दारू किती घालायची ते पुस्तकात बघायचं. कुणाच्या सांगण्यावरून भरायचं नाही.

“तुमच्याही नाही?”

“माझ्या तर मुळीच नाही. वाच पुस्तक. मोठ्याने वाच.”

मोठ्याने का, ते तेव्हा रोबर्टाच्या ध्यानात आलं नाही.

दारू भरायची वेळ आली तेव्हा भोकाभोकाच्या लाकडी ठोकळ्यात कवचं ओळीने उभी केली होती. रोबर्टाने काट्यावर मापून एकेकात दारू ओतली आणि शेवटी, शिकवल्याप्रमाणे, बॅटरीचा उजेड पाडून प्रत्येकात डोकावली. मधल्या ओळीत ती थबकली. एका कवचात दारूची पातळी शेजारच्यांपेक्षा वर होती. तिने एकातच दोनदा ओतली होती. हे काडतूस वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गेलं असतं तर चक्रीच फुटली असती. तिने त्या कवचावर बोट ठेवून व्हर्लीनला सांगितलं.

व्हर्लीनने ते एक कवच काढून घेतलं नाही. सगळाच ठोकळा दारूच्या डब्यावर उपडा करायला लावला. “एक चुकलं म्हणजे सगळी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.”

रोबर्टा खुर्चीत मागे टेकली. डोळे भरून आले होते. ती म्हणाली, क्लेटन म्हणत होता तेच खरं, आपल्याला हे जमायचं नाही, उगाच तुमचा वेळ घालवला.

“जमलं की,” व्हर्लीन म्हणाली. “तुला चूक दिसली. मला दिसली नव्हती. मला आता दिसतच नाही, रोबर्टा.”

आणि मग तिने डोळ्यांचं सांगून टाकलं. बोलताना ती खिडकीकडे बघत होती, आणि रोबर्टाला कळलं की आपला चेहरा बघायचा असला की ही बाई आपल्या शेजारच्या भिंतीकडे बघते. रोबर्टाने डोळे पुसले. तिने बाही वर सारली, ठोकळा जवळ ओढला आणि पहिलं कवच उभं केलं.

क्लबाची सभा वसंत सरताना झाली. व्हर्लीन धुतलेला निळा शर्ट घालून गेली आणि बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, चूक माझी होती, डोळे अधू झालेत, मी भरलेलं काडतूस मी इथे पुन्हा झाडणार नाही. पण रोबर्टाने भरलेलं झाडेन. ते चालत नसेल तर नियम सगळ्यांना लावा. इथले निम्मे लोक बियर पीत, सामने बघत काडतुसं भरतात, हे मला तुमच्या बायकांनी माझ्या खुर्चीत बसून सांगितलंय.

कोणीतरी हसलं, पण ते तिथेच विरलं. क्लेटन म्हणाला, कालपरवा शिकलेल्या बाईच्या हातचं चालू दिलं तर उद्या जबाबदारी कोणाची? मत घेतलं. तिच्या बाजूने मोजकेच हात वर आले. त्यातला एक क्लेटनच्या बायकोचा होता. त्याने तो पाहिला आणि मान खाली घालून निकाल लिहिला.

“ठीक आहे,” व्हर्लीन म्हणाली. “तुमची जागा तुम्हाला लखलाभ. नेम धरायला मला छप्पर लागत नाही.” सभासदत्वाचं कार्ड तिने टेबलावर ठेवलं आणि कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरली.

पुढच्या रविवारी त्या दोघी जुन्या खडीच्या खाणीत गेल्या. खाणीच्या मालकाने खुशाल या म्हटलं होतं, तीन बाजूंनी उंच दरड होती. रोबर्टाने दरडीखाली लोखंडी तबकड्या टांगल्या. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिने स्वतः भरलेली काडतुसं घातली, श्वास रोखला आणि चाप ओढला. तबकडी घणघणली. रोबर्टा आधी तबकडीकडे नाही, मनगटाकडे बघत राहिली. वळवून बघितलं, मूठ मिटून बघितली. मग उरलेली पाचही झाडली, आणि शेवटी तिला जे हसू आलं ते आवरेना.

मग व्हर्लीनची पाळी. तिच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमध्येही रोबर्टानेच भरलेली काडतुसं होती. तबकडीकडे सरळ पाहिलं की तबकडी नाहीशी व्हायची. म्हणून तिने नजर डावीकडच्या झुडपावर ठेवली आणि कडेने तबकडीचा करडा ठिपका पकडला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. हात कुठे थांबतो ते हाताला ठाऊक होतं. पहिल्या दोन दरडीत गेल्या. तिसरी लागली. चौथीही लागली.

पाचवी न झाडताच तिने चक्री उघडली.

“दोन उरल्यात की,” रोबर्टा म्हणाली.

“असू दे. लागलेल्यावर थांबलेलं बरं.” तिने रिव्हॉल्व्हर रोबर्टाच्या हाती दिलं. “हे पुसून तुझ्याकडेच ठेव. मला हवं असेल तेव्हा मागेन.”

रोबर्टाने ते दोन्ही हातांत घेतलं. दोघींनी खाली वाकून कवचं गोळा केली. रोबर्टा बघून, व्हर्लीन चाचपून.

सामान ठेवून झाल्यावर व्हर्लीन सवयीने आपल्या पिकअप ट्रकच्या डाव्या, चालकाच्या दारापाशी गेली. दाराच्या मुठीवर हात ठेवून थोडी थांबली. येताना वळणावर समोरून आलेली गाडी तिला अगदी जवळ येईपर्यंत दिसली नव्हती, आणि रोबर्टाने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. व्हर्लीनने खिशातून किल्ली काढली, गाडीच्या टपावरून पलीकडे रोबर्टाकडे सरकवली आणि वळसा घालून उजवीकडे आली. या बाजूला ती आजवर कधी बसली नव्हती. पट्टा कुठून ओढायचा तेही तिला शोधावं लागलं.

गावात शिरताना क्लेटनच्या दुकानापुढे चारपाच जण उभे होते. व्हर्लीनने काच खाली केली आणि कोपर बाहेर काढून टेकवलं.

“हळू चालव,” ती म्हणाली. “नीट बघू दे त्यांना.”