गाडीला दिसलेले आजोबा

गाडीने फांग बुवांना वाकून नमस्कार केला आणि अख्ख्या पाइशुई गावाची बोलती बंद झाली.

बुवांनी तसं फार काही केलं नव्हतं. रान घराण्याच्या नव्या कोऱ्या गाडीच्या नाकाला लाल कापड बांधलं, कोंबड्याचं रक्त चारी चाकांना लावलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि बाजूच्या दारासमोर डोळे मिटून उभे राहिले. दार आपोआप मागे सरकलं. पाठोपाठ ती सात माणसांची धिप्पाड गाडी, आवाज नाही की धूर नाही, चांगली चार बोटं खाली बसली. पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

"यंत्र झालं तरी त्याला माणूस कळतो," बुवा डोळे न उघडताच म्हणाले.

"बुवा, ती सगळ्यांनाच वाकते," गर्दीतून यालान म्हणाली. यालान ही रानांची सून, तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि शाळा सुटली तरी तिची शिकवायची सवय सुटत नसे. "म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं जावं म्हणून दार उघडलं की ती खाली बसते. दार शिमिनने उघडलंय, किल्ली त्याच्या खिशात आहे. सकाळी ती आमच्या कुत्र्यालाही वाकली."

दोघंतिघं फिसकन हसले. पण बुवांना आणि कुत्र्याला एका पंगतीत बसवणं काही बरं दिसलं नाही, असं तिला घरी गेल्यावर ऐकवण्यात आलंच.

ऐकवणारा तिचा नवरा शिमिन. हा समुद्रकाठच्या शहरात फरशीच्या कारखान्यात विक्री बघायचा आणि छिंगमिंगला, म्हणजे पितरांची थडगी झाडायच्या सणाला, गाडी घेऊनच गावी आला होता. त्या गाडीचं कौतुक सांगायला त्याला श्रोता लागायचा नाही, भिंतही चालायची. बॅटरी पायाखाली सपाट पसरलेली, त्यामुळे घाटातल्या वळणावर पोटातलं पाणी हलत नाही. पाय उचलला की गाडी स्वतःच वेग आवरते आणि उतारावर बॅटरी थोडी भरूनही घेते. मधल्या रांगेतल्या खुर्चीचा पलंग होतो. आणि चहूबाजूंनी कॅमेरे. रस्त्यावर माणूस आला तर समोरच्या पडद्यावर त्याची राखाडी आकृती उमटते, आणि आपण झोपेत असलो तरी गाडी थांबते.

"माणसाचा डोळा चुकेल, हिचा चुकायचा नाही," शिमिन म्हणायचा. हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडलं.

गाडी घेतली होती ती खरं तर आईसाठी. म्हातारीला काचबिंदू झाला होता. एक डोळा जवळपास गेलेला, दुसऱ्याची नजर कडेकडेने आत आत येत चाललेली. गुइयांग शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शस्त्रक्रियेने आहे ते राहील, गेलेलं परत येणार नाही, तेव्हा उशीर करू नका. पण घाटातल्या बसमध्ये म्हातारी ओकून ओकून अर्धमेली व्हायची आणि निम्म्या वाटेवरून परत यायची. म्हणून ही न हलणारी गाडी. सणानंतरची तारीखही मिळाली होती.

आता फांग बुवा डोळ्यांचं औषधही विकायचे, हे सांगायलाच हवं. डोंगरातली कसली कसली मुळं उकळून केलेलं पिवळं पाणी. गेलं वर्षभर म्हातारी सकाळ-संध्याकाळ तेच डोळ्यांत घालत होती. तिच्या डोळ्यांवर गुइयांगमध्ये इलाज झाला असता तर बुवांच्या बाटल्यांकडे गावाने संशयाने पाहिलं असतं. तरी बुवांनी कधी विरोध केला नाही. उलट गाडी आली त्या संध्याकाळी ते शिमिनच्या शेजारी बसून शेतांमधून चांगला फेरफटका मारून आले, आणि उतरले ते मोठ्या खुशीत.

सणाच्या दिवशी सगळी मंडळी म्हाताऱ्याच्या, म्हणजे शिमिनच्या वारलेल्या बापाच्या, थडग्याशी गेली. थडगं गावाबाहेर, जिथे रस्ता एकदम डावीकडे वळतो त्या वळणावर. गवत उपटलं, कागदी पैसे जाळले, हिरव्या पाल्याचे चिकट भाताचे गोळे ठेवले, फटाके लावले. मग त्या बाजूच्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्यांची बांबूची काठी रोवायची होती. ती एरवी थडग्याच्या मातीतच रोवतात. पण बुवा म्हणाले, "यंदा योग वेगळा आहे. काठी रस्त्याच्या कडेला हवी. माणसाएवढी उंच, तोंड रस्त्याकडे, आणि वर कागदाचा गोल गुच्छ." त्यांनी स्वतः जागा दाखवली. मागे सरून, एक डोळा मिटून, नीट बेतून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी गुइयांगला निघाली. म्हातारी मधल्या खुर्चीत, दोन्ही नाती मागे, आणि त्यांच्या शेजारी, तालुक्यापर्यंत सोडा म्हणून, फांग बुवा. वळण आलं. गाडीने ट्वँ ट्वँ केलं आणि जागच्या जागी थांबली. पडद्यावर, अगदी समोर, एक राखाडी माणूस उभा होता. रस्त्यावर मात्र चिटपाखरू नव्हतं.

शिमिनने स्टिअरिंग सोडून हात जोडले.

"कोण आलंय रे?" म्हातारीने विचारलं. बिचारीला ना रस्ता दिसत होता ना पडदा.

मागून बुवांचा खोल आवाज आला. "रानदादा आहेत, वहिनी. आडवे उभे राहिलेत. तुम्हाला जाऊ देत नाहीत."

म्हातारीने हात जोडले. "मग फिरव बाबा गाडी."

यालान खाली उतरली, गाडीपुढे उभी राहिली, कॅमेरे रुमालाने पुसले. विज्ञानाच्या शिक्षिकेला त्या घटकेला एवढंच सुचलं, आणि त्याबद्दल पुढे तिने स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. कॅमेरे लख्ख झाले. म्हाताराही पडद्यावर लख्ख दिसू लागला.

"अगं, तुला गाडीपेक्षा जास्त कळतं का?" शिमिन म्हणाला.

बुवांनी पितरांची शांत केली. कोंबडा गेला, तांदळाची दारू गेली, आणि पहिल्या काठीशेजारी दुसरी काठी आली. दवाखान्याने नवी तारीख दिली. पुन्हा मंडळी बुवांसकट निघाली, पुन्हा वळणावर गाडी थांबली. आता पडद्यावर दोघं होते.

"आजोबांबरोबर हे दुसरं कोण?" धाकटी नात तिंगतिंग मागून म्हणाली.

"त्यांच्या मातोश्री," बुवा म्हणाले.

"सासूबाई?" म्हातारी खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसली. "त्या असताना मला परसदारीही विचारून जावं लागायचं. आता तर मी मुळीच जायची नाही."

गावात बातमी पसरली तशी वळणावर जत्रा भरायला लागली. लोक गाडीत बसून आपापल्या पितरांना शोधू लागले. कोणी पडद्याला उदबत्ती ओवाळली. बुवांनी आणखी मोठी शांत सांगितली, आणखी दोन काठ्या लागल्या, आणि पितर चार झाले. पिवळ्या पाण्याच्या बाटल्या तर पुरेनात. इकडे म्हातारी जेवताना वाटीशेजारी हात चाचपडायला लागली. पण ते बघायला पडदा नव्हता, म्हणून कोणाला दिसलं नाही.

यालानला दिसलं. एका सकाळी सासू दाराच्या चौकटीला थडकली आणि यालान संतापून तडक वळणावर गेली. नुसती उभी राहिली, बघत. चार काठ्या. चार पितर. दोन होत्या तेव्हा दोघं होते. शांत करावी तशी भुतं कमी व्हायला हवीत, ही वाढत होती, आणि दर वेळी नेमकी काठ्यांइतकीच. वर्गातल्या कच्च्या पोरानेही हे फळ्यावर मांडलं असतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी तिने धान्य वाळवायच्या खळ्यावर गाव जमवलं. थडग्याची काठी उपटून आणली असती तर लोकांनी तिलाच उपटलं असतं, म्हणून दुकानातून नवी आणली. शिमिन नको नको म्हणत गाडी घेऊन आला. म्हातारी मधल्या खुर्चीत बसली. बुवाही आले. न येऊन सांगतात कोणाला.

यालानने ती काठी खळ्याला लागूनच असलेल्या, आपल्या घरच्या डुकरांच्या गोठ्यासमोर, चिखलात रोवली. "शिमिन, हळू पुढे घे."

ट्वँ ट्वँ. गाडी थांबली. पडद्यावर डुकरांच्या गोठ्यासमोर एक राखाडी माणूस उभा होता.

लोकांत कुजबुज झाली. बुवांनी वेळ दवडला नाही. "रानदादांचा आत्मा मोकळा आहे. लेकाच्या ओढीने ते कुठेही येतील."

"डुकरांत?" म्हातारी आतून म्हणाली. "बुवा, वासाने जीव जातो म्हणून त्या माणसाने जन्मात कधी डुकरांना घास घातला नाही. सगळं माझ्याच गळ्यात. मेल्यावर बरी आवड लागली."

खळ्यावर हशा पिकला. यालानने काठी आडवी केली, पडद्यावरचा माणूस गेला. उभी केली, आला. मग तिने ती तिंगतिंगच्या हातात दिली. "आता तुम्हीच करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बुवांवर ठेवू नका, गाडीवर तर मुळीच ठेवू नका." तासभर अख्खं गाव पितर उठवत होतं आणि निजवत होतं.

"गाडीला माणूस कळत नाही," यालान म्हणाली. "माणसाएवढं उंच, वर गोल, खाली निमुळतं असं काही दिसलं की ती अंदाज करते. चुकून माणूस चिरडण्यापेक्षा चुकून काठीपाशी थांबणं बरं, म्हणून तिला असं घाबरट बनवलंय. आणि वळणावर तिचं नाक नेमकं रस्त्याच्या त्या कडेकडे असतं. काठी थडग्यावर असती तर बाजूला राहिली असती. ती रस्त्याच्या कडेला, माणसाच्या उंचीची, हे कोणी सांगितलं?"

सगळ्या माना बुवांकडे वळल्या.

"शास्त्रात आहे," बुवा म्हणाले.

"बुजगावण्यात आहे," शिमिन गाडीतूनच म्हणाला. "पहिल्या संध्याकाळी आपण शेतातून गेलो, तेव्हा बुजगावण्यापाशी गाडी थांबली होती. पडद्यावर माणूस आला होता. मी म्हणालो, बघा बुवा, बुजगावण्यालाही माणूस समजते. तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसलो." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि तरी मी बाप समजून हात जोडले."

बुवांना एकाएकी दुसऱ्या गावातल्या यजमानांची आठवण झाली. निघताना ते गाडीशेजारून गेले, कोणीतरी दार उघडलं, आणि गाडी पुन्हा चार बोटं वाकली. या वेळी टोपी कोणी काढली नाही.

म्हातारी अजून मधल्या खुर्चीतच होती. यालान तिच्याशेजारी जाऊन बसली. यालानला वाटलं, सासूला तिचा माणूस भेटला होता, तो आपण हिरावून घेतला. पण म्हातारीच्या डोळ्यांत राग होता.

"शिमिनच्या वेळी मी अडले होते," ती म्हणाली. "तेव्हा हा रस्ता नव्हता. पावसात, पाठीवर घेऊन डोंगर उतरला तो माणूस. दवाखान्याच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या पायांत चपला नव्हत्या. तो मला दवाखान्याच्या वाटेवर आडवा येईल? हे मला काठीशिवाय कळायला हवं होतं गं."

दुसऱ्या दिवशी चारांपैकी तीन काठ्या काढल्या आणि एक रिवाजाप्रमाणे थडग्याच्या मातीत रोवली. वळण आलं तेव्हा गाडी थांबली नाही. म्हातारीनेच ती थांबवायला सांगितली, काच खाली केली आणि थडग्याच्या दिशेने म्हणाली, "जाऊन येते."

शस्त्रक्रिया नीट झाली. पण मधल्या दिवसांत जी नजर गेली ती गेलीच. सुईत दोरा आता यालान ओवून देते. बुवांचं नाव काढलं की शिमिनच जास्त चिडतो, त्यांच्यावर की स्वतःवर हे तो सांगत नाही.

चमत्कार हल्ली पडद्यावरही येतात, आणि शिकलेली माणसं कोंबड्याच्या रक्ताला हसून पडद्याला हात जोडतात. यंत्राने दाखवलं म्हणून काही खरं होत नाही, बुवाने सांगितलं म्हणून तर नाहीच. दहा पावलं चालून, हात लावून, उपटून, परत रोवून बघावं लागतं. गावातलं कोणी म्हातारीला भेटायला आलं आणि आम्ही फसलो हो म्हणालं, की ती एकच विचारते.

"मला दिसत नव्हतं. तुम्हाला खाली उतरून बघायला काय झालं होतं?"