ब्रह्मदेशाचा उडीद

धर्मपाल मुकादमानं विहाराचा अध्यक्ष झाल्या झाल्या स्वतःच नियम घालून दिला होता: ठराव तीनदा वाचायचा, गप्प बसला तो कबूल, आणि एकानं जरी तोंड उघडून नाही म्हटलं तर ठराव पडला. जुन्या भिक्खूसंघाची रीत म्हणे! त्या रविवारी तीच रीत त्याच्या गळ्याशी आली.

ठराव त्याच्याच लेकीचा, मायाचा. ब्रह्मदेशात लष्करानं गावंच्या गावं जाळली. दिल्ली सरकारनं तिथला उडीद घेणं थांबवावं आणि लष्कर आणि त्याच्याशी लढणारे, दोन्ही बाजूंना बोलायला बसवावं. चांगलंच होतं की! पण अकोल्यातल्या ज्या दालमिलमध्ये धर्मपाल मुकादम होता, ती चालायचीच या उडदावर. समोर चटईवर बसलेल्या एक्केचाळीस बाया तिथं दाळ निवडायच्या. शनिवारीच मिलच्या मालकानं, शेटजीनं, दम भरला होता, "मुकादम, ठराव झाला तर बायांले गेट बंद. समजलं?"

मायानं पहिल्यांदा वाचलं. सगळे चूप. दुसऱ्यांदा वाचलं. त्या बायांतल्या केशरबाईच्या एकटीच्या कमाईवर घरी चार नातवंडं. तिनं पुढं सरकून धर्मपालला ढोसलं. "बोल ना बाप्पा! आमी कसं बोलाव पोरीसमोर?"

तिसऱ्यांदा वाचून माया थांबली. तिनं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही, इतका भरवसा.

"मले कबूल नाही," धर्मपाल म्हणाला.

"काहून बाबा?"

"तिकडचे लोक मरून राहिले, मले समजते. पन ह्या बाया उद्या काय खातीन?"

"अन् तिकडं बंदुका कोनाच्या पैशानं येतात, हे नाही समजत? शेटजीनं शिकवून पाठवलं तुमाले!"

"जास्त बोलू नको!"

"नाहीच बोलत. आजपासून तुमीबी माह्याशी बोलू नोका."

ठराव पडला. माया ठरावाची वही तिथंच टाकून निघून गेली.

सोमवारी शेटजीनं कॅबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोट दिलं की मनगट धरणारा माणूस तो! टेबलावर विहाराच्या नावानं पत्र तयार: अकोल्याच्या बौद्ध बांधवांची विनंती, ब्रह्मदेशाशी व्यापार चालूच ठेवा, व्यापारातूनच शांती येईल. बुद्धाचं नाव तीनदा.

"अध्यक्ष म्हणून सही करा. तुमच्या समाजाचं पत्र दिल्लीत गेलं का आमचं काम सोपं."

"शेटजी, मी नुसता ठराव पाडला. हे असं कोनं म्हटलं?"

"मंग बायांले उद्यापासून सुट्टी."

खालून बायांचा गलबला ऐकू येत होता. केशरबाई कुणाला तरी हसत हसत शिव्या देत होती.

शनिवारी जो धाक घातला, तोच आज. उद्याही शेटजी तोच घालेल आणि आणखी काही मागेल. धर्मपालला सगळं लख्ख दिसत होतं. त्यानं पेन उचललं आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला.