केसाची जागा

माझी बायको नूतन गेली. तेरवी झाल्यावर मी तिच्या वर्गाची खोली आवरली, तिथंच चूक झाली.

स्टील प्लांटच्या वसाहतीत, मरोद्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत ती सहावीच्या पोरींना विज्ञान शिकवायची. प्लांटमधून मला मिळालेल्या सेफ्टी शूजच्या खोक्यांची झाकणं तिनं जपून ठेवली होती. त्यांत पानं, बिया, शिंपले, मेलेले भुंगे मांडलेले असत. चिठ्ठी कशालाच नव्हती. "चिठ्ठी लावली का पोरी चिठ्ठीच वाचतात, वस्तू पाहतच नाहीत," म्हणायची.

मी चौतीस वर्षं प्लांटच्या स्टोअरमध्ये काढली. पुढच्या सोमवारी पोरींची परीक्षा होती आणि तिचा वर्ग मला बंद पडू द्यायचा नव्हता. म्हणून सगळं झाडलं, पुसलं आणि मापानं लावलं. नट-बोल्ट लावतो तसं.

गुरुवारी पाच पोरी आल्या.

"आबाजी, हे काय करून ठेवलं तुम्ही?" गुंजन ओरडली. "फुटू अन् शिंपला एकाच झाकणात?"

फुटू म्हणजे पावसाळ्यात उगवणारी छत्री, वाळवून ठेवलेली.

"दोन्ही एकाच मापाचे आहेत ना."

रेणू हसली. "मॅडम होती तो आपको मुर्गा बना देती."

"मापानं नाही लागत आबाजी," गुंजन म्हणाली. "अंग कसं आहे त्यानं लागते."

मी शिकवायला बसलो होतो, पण पोरीच मला शिकवत होत्या. अर्ध्या तासात त्यांनी सगळी झाकणं पुन्हा लावली. मग गुंजननं विचारलं, "अन् शेवटचं झाकण?"

"कोणतं?"

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मॅडमनं लावलं होतं ते. माशाचे खवले, सापाची कात, कोंबडीचं पीस. कोणत्या प्राण्याच्या अंगावर काय राहते, ते. अन् शेवटी केस."

"कोणाचा केस?"

"त्यांचाच. कंगव्यातून काढला होता. म्हणाल्या, आपल्यालेही लायनीत बसवू, आपण का आभाळातून पडलो?"

खवले सापडले. कात सापडली, पीसही. केसांची एक गुंतवळ मला त्या दिवशी दिसली होती. कचरा समजून मी ती सुपलीत घेतली आणि सकाळच्या गाडीत टाकली.

पोरींना बसवून मी आत गेलो. सुतक फिटल्यावर घर धुतात, तसं आम्हीही धुतलं होतं. उशीची खोळ, चादर, टॉवेल, तिचे स्वेटरसुद्धा. कंगवा दवाखान्यातच राहिला होता. मी पलंगाखाली वाकून पाहिलं. फरशी चकचकीत होती. आयुष्यात इतकी स्वच्छ फरशी मी कधी पुसली नव्हती.

बाहेर आलो तर गुंजननं आपल्या वेणीतला एक केस तोडून झाकणात ठेवला होता.

"झालं आबाजी. आता पूरा आहे."

"ठीक आहे ना?" रेणूनं विचारलं.

ठीकच होतं. माणसाचा केस हवा होता, माणसाचाच होता. स्टोअरमध्ये मी नव्या पोरांना हेच सांगायचो, कोड एक तर माल एक, हा नाही तर तो द्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पोरी वहीत लिहायला लागल्या. मी ते झाकण हातात धरून बसलो. पंखा सुरू होता. केस उडू नये म्हणून वर हात धरला.