उजवा हात, पुढचं चाक

सर्वेअरनी पत्रात मला एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मला पत्र वाचता वाचताच माहीत होतं. म्हणूनच मी ते पाठवलं नाही. माहीत नसतं, तर त्याच दिवशी चार पानं लिहून मोकळा झालो असतो. माहीत नसलेल्या विषयांवर लिहायला मला कधीच संकोच वाटलेला नाही.

पत्र असं होतं :

"मित्रा, प्लास्टर निघालं. खांद्याचं हाड जुळलं म्हणतात. आता डोक्याचं विचारतो. उतारावर कुत्रं आडवं आलं तेव्हा मी उजवा ब्रेक आवळला, म्हणजे मागचा. मला लख्ख आठवतंय. पण मागचा आवळला असता तर सायकल फरफटली असती, मी हँडलवरून पलीकडे गेलो नसतो. म्हणजे आवळला डावाच. मुलगा म्हणतो, बाबा, वय झालं. तू एवढं वाचतोस. माणसाला वाटतं उजवा हात आणि चालतो डावा, असं होतं का? ही कशाची सुरुवात असते? खरं काय ते लिही. मी घाबरणारा नाही."

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. म्हणजे ते घाबरले होते.

सर्वेअर म्हणजे जमिनी मोजण्यात नोकरी घालवलेला माझा मित्र. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून ते मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही'. कानांनी इतके अधू, की फोनवर 'हॅलो' म्हणण्यातच दोन्हीकडचा दम संपतो. म्हणून पत्र. अपघातानंतर मुलगा त्यांना आपल्या गावी घेऊन गेला, आणि सायकल इथेच मुलीच्या घरी राहिली. नाहीतर त्यांनी ती एकदा नुसती हातात धरली असती, तरी उत्तर त्यांचं त्यांना मिळालं असतं.

कारण त्यांचा हात चुकलाच नव्हता. त्यांनी उजवाच ब्रेक आवळला होता. तो पुढच्या चाकाचा होता. आणि तो तसा मी केला होता.

आमचं एक टोळकं आहे. जुन्या पोलादी सायकलींचे वेडे. रविवारी सकाळी रंगाऱ्याच्या शेडमध्ये जमतो. रंगारी म्हणजे सायकलींच्या सांगाड्यांना रंग देणारा आमचा यजमान. त्याच्याकडे भट्टी आहे, चहाची शेगडी आहे आणि कोणालाही न दुखावता 'तुला काही कळत नाही' हे सांगण्याची कला आहे. दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे सहा सायकली आहेत आणि सातवीवर सतत डोळा. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालो. दुसऱ्यांच्या चुका शोधून आयुष्यभर पगार घेतला. सायकल मी जपून, कडेकडेनं चालवतो. पण सायकल कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं माझ्याइतकी कोणी वाचलेली नाहीत. कोणत्या साली कोणता हिरवा, सोनेरी रेघ दुहेरी की एकेरी, हे मी बसल्या जागी सांगतो. म्हणून मला तिथे 'पोथी' म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण शेळ्यांची नावं पाठ असलेला.

सर्वेअरच्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा गंजल्या होत्या. एकदा आम्ही दोघंच असताना मी म्हणालो, "नव्या मी घालून देतो." हे मी का म्हणालो ते माझं मलाच ठाऊक नाही. खरं सांगायचं तर ठाऊक आहे. टोळक्यात हातानं काही करून दाखवलं नाही असा मी एकटाच होतो. सायकल घरी आणली, अंगणात उलटी ठेवली, तारा बदलल्या, नवे रबरी गुटके बसवले. काम झालं, आणि चांगलं झालं. तिथेच थांबायला हवं होतं. पण माहितीपत्रकात त्या मॉडेलचं जे चित्र होतं, त्यात उजवी मूठ पुढच्या चाकाला होती. सर्वेअरची वर्षानुवर्षं मागच्या चाकाला. मुद्रितात चूक दिसली की माझी पेन्सिल आपोआप चालते. मी तारा उलट केल्या.

सांगायचं ठरवलं होतं. ते सायकल न्यायला आले तेव्हा घरात पाहुणे होते, सर्वेअर घाईत होते, आणि मला थोडं असंही वाटत होतं की त्यांनी आपणहून ओळखावं आणि रविवारी सगळ्यांदेखत म्हणावं, "बघा, पोथीनं कसं मूळच्यासारखं केलंय!" त्यांनी हँडल थोपटलं, मोठ्यानं "वा!" म्हणाले आणि गेले. रविवार यायच्या आत तो उतार आला, ते कुत्रं आलं.

इस्पितळात मी गेलो होतो. खोलीत नातेवाइकांची गर्दी होती. मी फळं ठेवली आणि परत आलो.

पत्र येऊन बरेच दिवस झाल्यावर एका रविवारी शेडमध्ये गेलो, तर दारातच सर्वेअरची सायकल उभी. शेजारी त्यांची मुलगी. ती एका शाळेत चित्रकला शिकवते. मला लहानपणापासून 'काका' म्हणते.

"काका, बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "विकायला आणलीय. बाबांनीच सांगितलं, योग्य माणसाकडे जाऊ दे."

योग्य माणूस आधीच गुडघ्यावर बसून सांगाड्याचे जोड चाचपत होता. "एक नंबर," डॉक्टर म्हणाले. "कीड नाही, खड्डा नाही. नुसतं वरचं साफ करायचं."

"ही दाढ नव्हे, डॉक्टर," रंगारी म्हणाला.

"रंग मात्र बदलणार. मरून. वर दुधाळ पट्टा."

"मरून? ह्या सायकलीला?" रंगाऱ्यानं कपाळावर हात मारला. "अहो, हा बाटलीहिरवा आहे. असा हिरवा आता मिळत नाही, मला जमवावा लागतो. त्यावर मरून म्हणजे आजोबांना गॉगल घालणं."

"पैसे माझे, आजोबा माझे."

"मग भट्टीही तुमचीच आणा."

मुलगी हसली. मीही हसल्यासारखं केलं. डॉक्टरांनी सायकलवर टांग मारली, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारली आणि येताना ब्रेक लावला. सायकल जागच्या जागी अडली, मागचं चाक हातभर उचललं गेलं, आणि डॉक्टर पाय टेकवत, धडपडत, कसेबसे उभे राहिले.

"अरे!" ते ओरडले. "ब्रेक उलटे आहेत! आत्ता माझेच दात माझ्या घशात गेले असते!"

"उलटे म्हणजे?" मुलीनं विचारलं.

"आपल्या टोळक्यात सगळ्यांचा उजवीकडे मागचा. इथे उजवीकडे पुढचा आहे." त्यांनी मूठ दाबून दाखवली. "पोथी, तुझ्या पुस्तकात काय म्हणतात? या मॉडेलला असंच होतं का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "मूळचं असंच."

एकही शब्द खोटा नव्हता.

"मग काय तर!" रंगारी मुलीला म्हणाला. "तुमचे बाबा पक्के. मूळचं ते मूळचं. इतकी वर्षं तसंच ठेवलं."

मुलीचा चेहरा उतरला. ती मुठीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं असेच ब्रेक होते, आणि तेच बाबा विसरले." आणि पुढे म्हणाली, "दादा म्हणतो ते खरंच आहे मग. मी उगाच भांडत होते त्याच्याशी."

"दादा काय म्हणतो?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. जखम दिसली की बोट घालून बघायची सवय.

"म्हणतो, त्यांना एकटं कुठे सोडायचं नाही. बाजारात नाही, फिरायला नाही. आणि बाबा ऐकतात हो काका! बाबा आणि ऐकतात! चहाचा कप उचलायच्या आधी आपल्या हाताकडे बघतात. परवा वहिनीला विचारत होते, हा उजवाच ना?"

रंगाऱ्यानं शेगडीची आच उगाचच कमी केली. डॉक्टरांनी सायकल स्टँडवर लावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि मी सावली शोधत होतो. मी गप्प राहिल्यानं सर्वेअर नुसते शंकेत राहिले नव्हते. आता त्यांच्याविरुद्ध पुरावा तयार झाला होता, आणि त्यावर सही माझी होती.

"तर मग," डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "उद्या घासायला घ्या. ब्रेकही सरळ करा."

"घासू नका," मी म्हणालो.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. रंगारी चकित झाला. "का हो?"

पुन्हा एकदा दार उघडलं, आणि पुन्हा एकदा मी खिडकीतून उडी मारली. "तो हिरवा... मला एकदा माहितीपत्रकाशी ताडून बघायचाय. त्या साली दोन हिरवे निघाले होते. एकदा घासला की गेला. आठवडाभर थांबा."

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," डॉक्टर कुरकुरले.

"पोथीनं सांगितलं म्हणजे थांबायला हवं," रंगारी म्हणाला आणि सायकलवर चादर टाकली. मुलगीही म्हणाली, "काका सांगतात तर थांबूया." माझ्या शब्दाला तिथे इतकं वजन होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते कशासाठी वापरलं हेही.

घरी येऊन दुपारचं जेवण झाल्यावर लिहायला बसलो. पहिल्या पानावर ब्रेकच्या मुठी कोणत्या देशात कोणत्या बाजूला असतात आणि का, याचा इतिहास आला. वाचून बघितला, मजकूर उत्तम होता आणि त्यात मी कुठेच नव्हतो. फाडला. दुसऱ्या पानावर पाहुणे आले, सर्वेअरची घाई आली, माझा बुजरा स्वभाव आला. त्यात मी इतका होतो की सर्वेअर पडले ते बिचारे समासात पडले. तोही कागद फाडला. तिसऱ्यावर "कदाचित असं झालं असेल" अशी सुरुवात झाली, आणि 'कदाचित' हा शब्द बघून माझी मलाच किळस आली.

बायको भांडी आवरून आली. "पत्र लिहिताय की प्रबंध?"

"सर्वेअरना लिहितोय."

"इतक्या दिवसांनी? मग आधी माफी मागा उशिराची."

"उशिराची नाही मागायची," मी म्हणालो, आणि तिला सगळं सांगितलं. एवढं सलग मी तिच्याशी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"आणि तुम्ही त्यांना फळं नेऊन दिलीत," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, "त्यांचं पत्र घरात कोण उघडतं?"

"त्यांचं तेच. असं वाटतं तरी."

"मग ते वाचतील, घडी घालतील आणि उशीखाली ठेवतील. तुम्हाला सांभाळून घ्यायला. तो माणूस तसाच आहे. मुलाला कळायला नको?"

ती बरोबर बोलत होती. सर्वेअरनी मला जपलं असतं. मुलाला म्हणाले असते, पोथीचं पत्र आलंय, सायकलीच्या रंगाबद्दल. आणि कपाकडे बघणं चालू राहिलं असतं, कारण घराचा त्यांच्यावर विश्वास बसला नसता.

खणात काही पोस्टकार्डं होती. मी कधी वापरत नाही. माझं लिहिणं कोणी वाटेत वाचावं हे मला सहन होत नाही. त्यातलं एक घेतलं. कार्डावर इतिहास मावत नाही, स्वभावही मावत नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं :

"तुमचा हात चुकला नाही. तुम्ही उजवाच ब्रेक आवळलात. तारा बदलताना मी ब्रेक उलटे केले आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही माझ्यामुळे पडलात. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. हे घरात सगळ्यांना वाचायला द्या. पत्र आलं तेव्हाच मला हे माहीत होतं. सायकल रंगाऱ्याकडे आहे, अजून विकलेली नाही. ती ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवा. ब्रेक रंगारी पूर्वीसारखे करील, मी हात लावणार नाही. तुमच्या मुलीला हे आज संध्याकाळी घरी जाऊन सांगतो."

शेवटचं वाक्य लिहायचं ठरवलं नव्हतं. पण लिहून झालं, आणि आता ते खोडायचं तर नवं कार्ड घ्यावं लागलं असतं. खाली जागा उरली होती. तिथे "माफ करा" लिहावं का, यावर बराच वेळ पेन धरून बसलो. लिहिलं नाही. ते मागायचं तर त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मागायला हवं.

टपालपेटीत टाकायचा धीर झाला नाही. पेटीपाशी घुटमळून परत येण्याची माझी लायकी मला माहीत आहे. सोमवारी पोस्ट उघडताच थेट खिडकीवर कार्ड दिलं. तोपर्यंत मुलीला सांगून झालं होतं. तिनं आत जाऊन दादाला फोन लावला होता, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत तिचा चढलेला आवाज ऐकू येत होता.

खिडकीतल्या तरुण कारकुनानं कार्ड पत्ता बघायला उलटं केलं, मग सुलटं. अक्षरं मोठी होती. त्याची नजर पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेली, तिसरीवर गेली. मी तिथेच उभा राहिलो. त्यानं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि शिक्का उचलला.

"काका, शिक्का जरा तिरका बसला," तो म्हणाला. "चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. त्यानं कार्ड मागच्या पोत्यात टाकलं.