दसऱ्यापुरती जाळी

मी एक लोखंडी जाळी बोलतेय. मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करणारं मशीन आहे. त्याचा पट्टा फिरतो ना, त्याच्यापुढे माझी जागा. माणसाचा हात आणि तो पट्टा यांच्यामध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम. पण तेच मला कित्येक वर्षं कुणी करू दिलं नाही.

मला घडवलं गफ्फार मिस्त्रीनं. मजबूत चौकट, चार बोल्ट. आणि आठव्या दिवशी त्यानंच शेजारच्या भिंतीत लांब खिळा ठोकून मला त्यावर टांगलं. पट्ट्याच्या चाकाला रुई गुंडाळली की ती हातानं ओढून काढायची. दर वेळी चार बोल्ट खोलत कोण बसणार? तेव्हापासून मी वर्षातून दोनदाच जागेवर बसायची. दसऱ्याला मशीनची पूजा असली की, आणि तपासणीचे साहेब येणार अशी कुणकुण लागली की. त्या दिवशी मला पुसायचे, पिवळा रंग फासायचे. मिरवायला मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग गफ्फारची मुलगी नाहिद इथेच सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागली. इंजिनिअर पोर. तिला सरकारी कारखाना निरीक्षक व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षा तर होतीच, शिवाय कारखान्यातल्या दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता. पहिला महिनाभर ती रोज सकाळी मला जागेवर बसवायची आणि दुपारपर्यंत मी परत खिळ्यावर. पुढे तिनं नाद सोडला. दाखल्यावर सही मालकाची, देवीलालशेठची लागणार होती. मला तिचा फार राग यायचा.

बोंडअळीचं ते साल. कापूस ओलसर, किडका, सारखा चाकाला गुंडाळायचा. नाहिद लेखी परीक्षा पास झाली होती. तिची दोन वर्षं त्याच आठवड्यात पुरी झाली आणि दोन दिवसांनी मुंबईत तिची कागदपत्रं तपासणार होते. सकाळी अकराच्या सुमारास मशीनवर कामाला असलेली मथुराबाई रुई काढायला वाकली, रोज वाकायची तशीच. पट्ट्यानं तिचा हात ओढला. मी हातभर अंतरावर टांगलेली, नुसती बघत राहिले. नाहिदनं धावत जाऊन बटण दाबलं. हात वाचला, दोन बोटं गेली.

दुपारी शेठ मशीनपाशी आला तेव्हा गफ्फार त्याच्याच हुकमावरून मला घाईघाईनं जागेवर बसवत होता. शेठच्या हातात दोन कागद होते. एक नाहिदचा दाखला, सही बाकी. दुसरा अपघाताचा कोरा फॉर्म.

"लिहा मॅडम, जाळी लावून होती, बाईनंच खोलली. साहेब उद्या येऊन राह्यले. हे लिहा, मी इथंच सही करतो."

म्हणजे दोष मथुराबाईचा. भरपाईचा विषयच संपला.

नाहिद बापाकडे वळली. "अब्बा, खरं लिहिलं तं तुमचंही नाव येईन. खिळा तुम्ही ठोकला होता."

गफ्फारचा पाना तिसऱ्या बोल्टवर थांबला.

"त्या बाईची बोटं माह्याच खिळ्यानं गेली, बेटा," तो म्हणाला. "लिहून टाक."

तिनं उभ्या उभ्याच लिहिलं: 'जाळी भिंतीवर टांगलेली होती. मला माहीत होतं. मी रोज बघत होते.'

शेठनं दाखला सही न करताच घडी घालून खिशात टाकला आणि निघून गेला. गफ्फारनं चौथा बोल्ट आवळला. मग हातोडा घेऊन तो खिळा उपटून काढला.

नाहिद मुंबईला गेली नाही. आता ती मुकुटबनकडच्या एका कारखान्यात आहे, दोन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतेय. ती पुरी होतील तेव्हा वयाची अट संपायला जेमतेम अकरा दिवस उरलेले असतील. त्या अकरा दिवसांत जाहिरात निघेल का, या विचारानं माझाही जीव टांगणीला लागतो. तिच्यावर रागावले होते, त्याची लाज वाटते.

परवा दसरा झाला. मला कुणी पूजेसाठी आणून बसवलं नाही, कारण मी जागेवरच होते. मथुराबाईनं उरलेल्या तीन बोटांनी माझ्यावर झेंडूचं फूल खोचलं, चारही बोल्ट एकेक करून हलवून पाहिले आणि मग मागे वळून म्हणाली, "हं, आता करा चालू."