फियाटचे बफर

फियाटच्या मागच्या कमानपाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर, रबरी बफर बसवायला बाळगोंडांचा विरोध होता.

"त्या गाडीला डुलायला बनवलंय," ते अंथरुणावरून म्हणाले. "डुलणं थांबलं की धक्का सरळ माणसात येणार."

"आवं, पण आपल्या अतिशयनं पुण्यासनं मुद्दाम धाडल्यात," चंदनबाला हळूच म्हणाली. "जुन्या गाडीला नवी चाल, असं लिवलंय खोक्यावर."

"जुन्या हाडांना काय मिळतंय का इचार तुझ्या लेकाला."

दुखणं हाडांतच होतं. कर्करोग मणक्यात उतरला होता आणि उपचारांसाठी समडोळीहून मिरजेला सारख्या खेपा होत्या. रुग्णवाहिकेचं नाव काढलं की ते म्हणत, "जिता हाय तवर न्हाई." ही फियाट त्यांनी तरुणपणी साताऱ्याहून आणलेली. लग्नानंतर दोघं हिच्यातूनच कोयनानगरचा घाट चढून गेली होती. मागची सीट सोफ्यासारखी रुंद. तिच्यावर उशा लावून ते आडवे होत. गॅरेजवाला चांदसाहेब गाडी चालवी. चंदनबाला पुढे बसून णमोकार मंत्र जपे. सांगलीचा पूल ओलांडला की खड्डे सुरू होत, आणि प्रत्येक खड्ड्याला मागून कण्हणं येई. जप तिथंच तुटे.

रोज सकाळी देवदर्शन झालं की ती काहीतरी सोडत असे. आज तूप, उद्या साखर. एका सकाळी तिनं भगवंतापुढं हात जोडले. हे मिरजेहून न कण्हता घरी येतील तोवर मला मिठाचा त्याग.

कुणाला सांगितलं नाही. पण चुलीशेजारची अळणी आमटीची निराळी वाटी बाळगोंडांनी बघितली. अशक्तपणानं ती भिंत धरून चालू लागलेलीही बघितली.

"कवापर्यंत हाय हा नियम?"

तिनं आधी उत्तर टाळलं. मग सांगावंच लागलं, खोटं बोलायचं नाही हाही नियमच होता. त्यांनी कोपऱ्यातल्या बफरच्या खोक्याकडं बघितलं.

"चांदसाहेबाला बोलीव," ते म्हणाले. "बसवू दे ते बफर."

चांदसाहेबानं बसवले. "मीबी पयल्यांदाच बसवतोय, अण्णा. गाडी मागनं ताठ झाली एवढं खरं. आतलं तुमी सांगायचं."

त्या खेपेला पूल गेला, खड्डे गेले, मागून आवाज नाही. चंदनबालानं वळून बघितलं. पाठीच्या टेकणीकडं तोंड करून ते पडले होते, टोपी तोंडावर घेतलेली.

"झोपले की काय अण्णा?" चांदसाहेब हसला. "बघा वैनी, गाडीबी अण्णांगत म्हातारी, पर कवा कण्हली न्हाई. आता अण्णा तिच्याकडनं शिकले."

दिवस मावळायच्या आत तिनं आमटीत मीठ घातलं. पहिला घास घेताना तिचे डोळे भरले. बाळगोंडा तिच्या जेवणाकडं बघत होते, स्वतः जेवत नव्हते. तिनं लगेच अतिशयला फोन केला, "लय पुण्याचं काम केलंस, बाळा."

बफरांची कीर्ती झाली. आष्ट्याचे विश्वजीत त्यांची जुनी अँबॅसिडर घेऊन विचारायला आले. घालावेत का, पैसे वाया तर जाणार नाहीत? बाळगोंडांनी एकदा बायकोकडं बघितलं.

"घाला की. गादीवर पडल्यागत वाटतंय."

एकच नवल होतं. प्रवासातली टोपी ते धुवायला देत नसत. "स्वच्छ हाय," म्हणत आणि उशीखाली सारत.

मग एका खेपेला मिरजेच्या डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडावर धरली. मणका चेपला होता. "धक्के बसलेत. असह्य दुखलं असणार. कधीच बोलले नाहीत?"

"न्हाई ओ. गाडीत दुखायचं थांबलंय त्यांचं."

त्यांना ठेवून घेतलं. परिचारिकेनं कपड्यांची पिशवी हातात दिली. वर टोपी होती. तिची घडी दातांनी आरपार चावलेली, कडेला वाळलेलं रक्त.

घरून कपडे आणायचे होते. दवाखान्याच्या फाटकापाशी गाडीचं पुढचं दार चांदसाहेबानं उघडलं, पण ती मागं बसली, बाळगोंडांच्या जागी. पहिल्या खड्ड्याला धक्का कमरेतून उठला आणि दातांपर्यंत आला. दुसऱ्याला तिनं टोपी तोंडाशी नेली.

"वैनी?" चांदसाहेबानं गाडी थांबवली. वळून त्यानं टोपी बघितली. "अण्णाच म्हणले हुते, गादीवर पडल्यागत..."

"काढा ते," ती म्हणाली.

त्यानं दुसऱ्याच दिवशी काढले. पण त्या सीटवर निजायला आता कुणी येणार नव्हतं. बाळगोंडा घरी आले ते रुग्णवाहिकेतून. आणखी काही करण्यासारखं उरलं नाही, असं सांगूनच त्यांना सोडलं होतं.

चंदनबाला त्यांच्यासमोर बसली. तळहातावर मीठ घेतलं आणि त्यांच्या देखत चाटलं.

"बघा. खातो मी मीठ. आता कसला नियम न्हाई. कण्हा ओ तुमी."

त्यांनी तोंड उघडलं. मग सवयीनं दात पुन्हा मिटले.

आता त्यांची कूस वळवताना ती त्यांच्या तोंडाशी कान नेते आणि थांबते. आवाज येत नाही. कुठं धरावं, कुठं धरू नये, तिला कळत नाही.