एक्क्याण्णव बरण्या

काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात थोरली एकोणीस वर्षं पेट्या भरत होती, तीही उभ्यानं. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, पण बसायला कोण देतंय! खुर्ची फक्त मुकादमाला. आता ती जागा रिकामी झाली होती आणि त्यासाठी म्हणे लेखी परीक्षा.

धाकटी जाऊही तिथेच कामाला. दोघींनी अर्ज भरले. मूळ आणि संयुक्त संख्या येणार कळल्यावर धाकटी रडकुंडीला आली, तेव्हा थोरलीनंच जेवणाच्या सुट्टीत बरण्या मांडून तिला शिकवलं.

"हे बघ, बारा बरण्या. चार-चारच्या तीन रांगा, झाली की नाही पेटी? ही संयुक्त. आता तेरा घे. सारख्या रांगा लावायला गेलीस की एखादी उरणार, नाहीतर कमी पडणार. एकाच लांबलचक रांगेत तेवढी उभी राहील, अडेलतट्टू मेली! ही मूळ."

"इतकंच होय, जाऊबाई?"

परीक्षेत विचारलं, एक्क्याण्णव कोणती? धाकटीनं दोन, तीन, पाचनं भागून पाहिलं आणि 'मूळ' लिहून मोकळी झाली. थोरलीच्या डोळ्यांपुढे तेराच्या सात रांगा उभ्या राहिल्या. तिनं 'संयुक्त' लिहिलं.

बाकी सगळं दोघींचं सारखं. धाकटी एका गुणानं पुढे! साहेबांच्या उत्तरांत एक्क्याण्णव मूळ होती.

थोरली साहेबांना जवळजवळ ओढतच बाकापाशी घेऊन आली. तेरा-तेराच्या सात रांगा मांडल्या. एक उरली नाही की एक कमी पडली नाही. साहेबांनी दोनदा मोजलं. कान लालबुंद.

"तुमचं बरोबर आहे हो, बाई. पण नाव वर कळवून झालंय. आता चूक कबूल करू तर माझीच शोभा."

"आणि माझ्या पायांचं काय?"

साहेब घड्याळ बघत निघून गेले.

थोरली धाकटीकडे वळली. "तू तरी सांग ना त्यांना! बघितलंस ना डोळ्यांनी?"

धाकटी खुर्चीत बसली होती. "एका आकड्यावरून घरात भांडणं कशाला, जाऊबाई? आवरा त्या बरण्या. कामाची पाळी सुरू झाली."

त्यातली एक उचलून हिच्या टाळक्यात घालावी, असं थोरलीला अगदी मनापासून वाटलं. मग तिनं एक्क्याण्णवच्या एक्क्याण्णव आवरल्या, उभ्यानंच.